‘उपलब्ध साधने’ म्हणजे कोण? सी-प्लेन अपघातात पाण्याखाली उतरलेल्या एका स्वयंसेवकाचे खुले पत्र

प्रति,
सी-प्लेन सेवेला परवाना देणारे नियामक, ती सेवा चालवणारे संचालक आणि शोध व बचावाची जबाबदारी असलेले सर्व अधिकारी यांस,

महोदय, महोदया,

अपघातानंतर बंद पडलेली सी-प्लेन सेवा पुन्हा सुरू करण्याचा निर्णय आपण जाहीर केला आणि त्यासोबत सुधारित आपत्कालीन आराखडाही सर्वांना वाचायला खुला केला. मी तो दोनदा वाचला. धावपट्टीसारखी पाण्याची पट्टी कशी मोकळी ठेवायची, प्रवाशांची सोय कुठे करायची, पत्रकारांशी कोणी बोलायचे, सगळे सविस्तर आहे. विमान पाण्याखाली गेले तर माणसांचा शोध कोण घेणार, याबद्दल मात्र एकच ओळ आहे. शोध ‘उपलब्ध साधनांद्वारे’ घेतला जाईल. अपघाताआधीच्या आराखड्यातही हीच ओळ होती. मधल्या काळात पाच माणसे गेली आणि त्या ओळीतला एक शब्दही बदलला नाही. त्या दिवशी ही उपलब्ध साधने कोण होती ते मला माहीत आहे. त्यातला एक मी होतो. म्हणून हे पत्र, आणि ते सगळ्यांनी वाचावे म्हणून उघडपणे.

मी पेशाने फॅब्रिकेटर. लोखंडी दारे, खिडक्या, जिने, फाटके बनवतो. स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून पाण्याखाली उतरणे, शिकून २३ वर्षे झाली. आमचा चौघांचा गट आहे: एक शिक्षिका, रुग्णालयात काम करणारा एक परिचारक, नुकताच नोकरीला लागलेला एक तरुण आणि मी. कोणी बुडाले की आम्हाला फोन येतो. पोहायला गेलेली मुले, पुलावरून पाण्यात गेलेली गाडी, उलटलेली होडी. याचे आम्ही पैसे घेत नाही. सिलिंडर भरण्यापासून बोटीच्या डिझेलपर्यंत सगळा खर्च पदरचा. त्याबद्दल माझी तक्रार नाही, हे काम आम्ही आपणहून पत्करले आहे. तक्रार वेगळी आहे, आणि ती कळायची तर आधी त्या दिवसाबद्दल सांगावे लागेल.

फोन आला तेव्हा विमान पाण्यात जाऊन २५ मिनिटे झाली होती. फोन करणाऱ्याने आपले पद सांगितले, पण हे अधिकृत बोलावणे आहे असे म्हटले नाही. जमेल तितक्या लवकर या, एवढेच. आम्ही सामान भरून पाण्यापाशी पोचेपर्यंत दीड तास उलटला होता. वाचलेल्या दोघांना एका मासेमारी होडीने केव्हाच वर घेतले होते. बाकीचे कुठे आहेत, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. ते पाच आहेत की सहा, हेही कोणी छातीठोकपणे सांगेना.

पाण्यावर आपटलेले सी-प्लेन बहुतेक वेळा पालथे होते. इंजिन जड, बसण्याची जागा उंच आणि चाकांच्या जागी हवेने भरलेले फ्लोट. उलटल्यावर फ्लोट वर राहतात आणि माणसे बसलेली केबिन पाण्याखाली जाते. फ्लोट शाबूत असतील तर विमान तसेच उलटे तरंगत राहते, निदान त्याला गाठता तरी येते. या विमानाचा एक फ्लोट फाटला होता. ते नाकावर खाली गेले आणि २२ मीटरवर गाळात पालथे पडले. वर पाण्यावर इंधनाचा तवंग होता. त्यावरून आम्ही जागेचा अंदाज बांधला, खुणेचा तरंगता बोया टाकला, दोर सोडला आणि दोघा-दोघांच्या जोडीने उतरलो.

खाली हाताच्या कोपराएवढेही दिसत नव्हते. विमानाचे इंधन वेटसूटच्या आत शिरले की कातडी पोळल्यासारखी होते. श्वास घ्यायचा रेग्युलेटर तोंडात असूनही त्याची चव जिभेवर येत राहते. फाटलेला ॲल्युमिनियमचा पत्रा सुरीसारखा असतो. हयात पत्र्यात गेली तरी माझे दोन्ही हातमोजे फाटले. आणि तारा. शेपटीपर्यंत जाणाऱ्या पोलादी तारा तुटून, वेटोळी सुटल्यासारख्या सगळीकडे पसरलेल्या. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, अंगाला लागल्यावर कळतात.

मागच्या दाराशी एक बाई होत्या. त्यांचा पट्टा सुटलेला होता, म्हणजे तो त्यांनी स्वतः सोडला होता. अंगावर मोठी जखम नव्हती. उजवा हात दाराच्या मुठीवर होता. मी बाहेरून तीच मूठ फिरवली. मूठ फिरली, पल्ला हलला नाही. चाचपून पाहिले तर चौकट वरच्या कोपऱ्यात बोटभर आत वाकलेली. अशी चौकट माझ्या कामात मी नेहमी बघतो. कोपऱ्याला पाव इंचाचा फरक पडला की पल्ला धरतो, मग कितीही जोर लावा. पहारीने ते दार उघडायला मला चार मिनिटे लागली. माझ्या पाठीवर हवा होती, हातात पहार होती आणि मी सुलटा होतो. आतल्या माणसाजवळ एका श्वासाचा वेळ असतो. तोही उलटे लटकलेले असताना, अंधारात, गार पाण्याच्या धक्क्याने तो श्वासही धड घेता आलेला नसताना.

त्यांचे लाइफ जॅकेट आसनाखाली होते. पिशवीत, घडी घातलेले, पिशवीचे बटण लावलेले.

माझा पहिला मुद्दा हा आहे. या माणसांना आघाताने मारले नाही, दाराने मारले. आणि हे सी-प्लेन चालवणाऱ्या कोणाला ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. २९ नोव्हेंबर २००९ रोजी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, सटर्ना बेटाच्या लायल हार्बरमध्ये बीव्हर जातीचे सी-प्लेन उड्डाण करताच पाण्यात कोसळले. आठ जणांपैकी पायलट आणि एक प्रवासी बाहेर आले. सहा जण आतच बुडाले. त्यांत एक तान्हे बाळ होते. कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०११ मध्ये आपला अहवाल दिला. पाण्यात कोसळून बुडालेल्या विमानांत त्याआधीच्या २० वर्षांत जे मृत्यू झाले, त्यांपैकी सुमारे ७० टक्के बुडून झाले होते, असे मंडळाने म्हटले. म्हणजे दर दहांतले सात जण आपटण्यातून वाचले असावेत आणि बाहेर पडता न आल्याने गेले. मंडळाने दोन गोष्टी मागितल्या. प्रवासी सी-प्लेनचे दरवाजे आणि संकटकाळचे मार्ग असे करा की आपटल्यावरही झटकन उघडतील, आणि माणसाला पाण्यावर तरंगत ठेवणारे साधन प्रवासभर त्याच्या अंगावरच असू द्या. ते विमान बनवण्याचे हक्क असलेल्या कंपनीने पुढे ढकलून बाहेर टाकता येतील अशा खिडक्याही तयार केल्या. तरी जॅकेट अंगावर घालण्याचा नियम कॅनडात यायला २०१९ उजाडले.

दहा वर्षे गेली. त्या दहा वर्षांत जगभर किती सी-प्लेन उडाली असतील आणि किती माणसांनी आसनाखालच्या पिशवीकडे बघून नुसती मान डोलावली असेल, याचा मी कधीकधी विचार करतो.

जॅकेट अंगावर घालायला लावताना एक गोष्ट प्रत्येक प्रवाशाला तोंडी आणि ठासून सांगितली पाहिजे: विमानाच्या आत ते फुगवायचे नाही. १९९६ मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचे अपहरण झालेले विमान कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरले, तेव्हा अनेकांनी आतच जॅकेट फुगवले. पाणी भरू लागताच ती माणसे छताला चिकटली आणि त्यांना खाली दारापर्यंत येता आले नाही. कमरेला बांधता येतील अशा लहान पिशवीतली जॅकेटे मिळतात. तीच लागतात.

दुसरा मुद्दा प्रवासी यादीचा. वाचणाऱ्याला ही कागदपत्रांची किरकोळ चूक वाटेल. ती किरकोळ नाही. यादी आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाली. तोवर किनाऱ्यावर कोणीतरी सहा जण बेपत्ता असल्याचे सांगितले होते आणि आम्ही ते धरून चाललो होतो. संध्याकाळपर्यंत पाच जणांना वर आणले. मग विमानाभोवती गोल फिरत, दोर वाढवत वाढवत, सहाव्याचा शोध सुरू केला. तो माणूस विमानात चढलाच नव्हता. तिकीट काढून त्याने ऐनवेळी बेत बदलला होता. कंपनीच्या खिडकीवरच्या माणसाला हे माहीत होते, पण त्याला कोणी विचारले नाही.

त्या नसलेल्या माणसासाठी आमच्यातला सर्वांत धाकटा त्या दिवशी तिसऱ्यांदा पाण्यात उतरला. एक मोकळी तार त्याच्या सिलिंडरच्या तोटीत अडकली. मी ती कापली, पण तोवर तो घाबरला होता आणि हवा संपत आली होती. पाच मीटरवर थांबायचे असते, तो थांबला नाही, थेट वर गेला. तासाभरात त्याचे पाय बधिर झाले. पाणबुडे याला बेंड्स म्हणतात. खोल पाण्यात दाबाखाली रक्तात आणि पेशींत विरघळलेला नायट्रोजन झटकन वर आल्यावर बुडबुडे होऊन बाहेर पडतो आणि मज्जारज्जूत अडकला तर माणूस कायमचा पांगळा होऊ शकतो. त्यावर लगेच देता येते ते शुद्ध ऑक्सिजन, आणि खरा उपचार म्हणजे रिकम्प्रेशन चेंबर, जिथे माणसाला पुन्हा दाबाखाली नेऊन सावकाश परत आणतात. किनाऱ्यावर त्या वेळी तीन रुग्णवाहिका, दोन मोठे अधिकारी आणि बरेच कॅमेरे होते. जवळचा चेंबर कुठे आहे, हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हते. आमच्या परिचारक मित्राने स्वतः फोन करत तो शोधून काढला. आमच्याजवळचा ऑक्सिजन रस्त्यातच संपला. चेंबरचे दार बंद झाले तेव्हा सहा तास होऊन गेले होते. पहिला उपचार पाच तासांच्या आसपास चालला, पुढे तो अनेकदा करावा लागला.

तो चालतो. डाव्या तळव्याला अजून स्पर्श कळत नाही.

उपचाराच्या खर्चासाठी आम्ही अर्ज केला. उत्तर दोन ओळींचे आले: सदर व्यक्ती स्वेच्छेने पाण्यात उतरली असल्याने जबाबदारी नाही. बोलावणारा फोन कोणी केला, याची नोंद कुठे सापडली नाही. माझ्या मोबाइलमध्ये तो क्रमांक आणि वेळ अजून आहे.

याला मी तिसरा मुद्दा म्हणतो, आणि हा मुद्दा आमच्या एका पोरापुरता नाही. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात लायन एअरचे विमान जावा समुद्रात कोसळून १८९ जण गेले. शोधात उतरलेला ४८ वर्षांचा एक स्वयंसेवक पाणबुड्या अवघ्या चार दिवसांनी, २ नोव्हेंबरला, प्राण गमावून बसला. त्याआधीही तो एका विमान अपघाताच्या शोधात उतरलेला होता. दक्षिण कोरियात १६ एप्रिल २०१४ रोजी सेवोल ही प्रवासी बोट बुडाली, ३०४ जीव गेले, बहुतेक शाळकरी मुले. मृतदेह वर आणण्याचे बरेचसे काम खासगी पाणबुड्यांनी केले. त्यांतला एक मे महिन्यात याच कामात मरण पावला आणि त्या मृत्यूबद्दल खटला भरला गेला तो त्याच्याच एका सहकारी पाणबुड्यावर. तो निर्दोष सुटला, पण त्यात जवळपास तीन वर्षे गेली. त्याउलट २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत मुलांसाठी हवेची सिलिंडरे पोचवताना स्वयंसेवक म्हणून परत आलेला नौदलाचा माजी जवान गेला, तेव्हा राज्याने त्याला आपला माणूस म्हणून मानाने निरोप दिला. पाण्यातला धोका तिन्ही ठिकाणी सारखाच होता. फरक होता तो, वर उभ्या असलेल्यांनी या माणसांना आपले मानले की नाही, याचा.

आम्ही स्वेच्छेने उतरतो हे खरेच आहे. पण स्वेच्छा आमची असली तरी बोलावणे आपले असते. आम्ही कधी उतरायचे, कुठे उतरायचे, कधी थांबायचे हे त्या दिवशी आपल्या अधिकाऱ्यांनी सांगितले. हुकूम देण्यापुरते आम्ही आपले आणि बिल आल्यावर परके, हे मला मान्य नाही.

आता हद्दीबद्दल. विमानापासून थोड्या अंतरावर तळ एकदम खचतो, तिथे ध्वनिलहरींनी खोली मोजणाऱ्या सोनारवर ६० मीटरच्या आसपास खोली दिसते. सहावा माणूस घसरून तिकडे गेला असेल का, जरा बघून येता का, असे दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला विचारण्यात आले. आम्ही नाही म्हटले. हौशी स्कूबाला शिकवलेली शेवटची हद्द ४० मीटर आहे. साधी हवा घेऊन ३० मीटरच्या पुढे गेलात की नायट्रोजन दारूसारखा चढू लागतो आणि चढला आहे हे स्वतःला कळत नाही. पुढे एका बैठकीच्या इतिवृत्तात स्वयंसेवकांनी नकार दिल्याची नोंद झाली. का दिला, हे लिहिले नाही. ही नोंद दुरुस्त व्हावी.

अशा खोलीवर काय लागते हे जगाला माहीत आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात म्युटिनी बे इथे ऑटर जातीचे सी-प्लेन कोसळले, त्यातले दहाच्या दहा जण गेले. अवशेष सुमारे १९० फुटांवर, म्हणजे ५८ मीटरवर, जोरदार प्रवाहात पडलेले होते. तिथे हौशी पाणबुड्यांना पाठवले नाही. नौदलाची माणसे, दूरनियंत्रित यान आणि क्रेन बसवलेला तराफा आणून महिनाअखेरीस ते वर काढले. त्यातून शेपटीच्या आडव्या पंखाला हलवणारा एक भाग हाती लागला. तो मधोमध आट्यांमधून सुटलेला होता आणि आटे सुटू नयेत म्हणून बसवायची लहानशी लॉक रिंग जागेवर नव्हती. ऑक्टोबर संपायच्या आत तपास करणाऱ्यांनी तातडीची शिफारस केली की या जातीच्या प्रत्येक विमानाची ही रिंग तपासा. एक कडे. माझ्या कारखान्यात असली कडी डब्यात पडलेली असतात. ते विमान तळाशीच राहिले असते तर कारण कळले नसते आणि उरलेली विमाने तशीच उडत राहिली असती.

हे मी एवढे सांगतो कारण पुराव्याबद्दल आम्हाला बोलणी खावी लागली. आम्ही एक तार कापली, दार पहारीने उघडले, एक आसन हलवले. तपास करणाऱ्यांचा राग मला समजतो. प्रत्येक तुकडा जसा पडला तसा त्यांना हवा असतो आणि त्यांचे बरोबर आहे. पण काय हलवायचे नाही, कापण्याआधी कशी खूण करायची, कुठला भाग कुठल्या बाजूला होता हे कसे टिपून ठेवायचे, यातले काहीही आम्हाला कोणी कधी शिकवले नव्हते. शिकवा. आम्ही शिकू. त्या दिवशीही वर आल्यावर जमेल तेवढे मी वहीत लिहून ठेवले, माणसे कुठे होती, पट्टे कोणाचे सुटलेले होते, मुठी कुठल्या दिशेला वळलेल्या होत्या. ती वही आजवर कोणी मागितली नाही.

शोधायला लागणारा वेळ हाही एक मुद्दा आहे, पण तो थोडक्यात सांगतो. विमानातल्या आपत्कालीन ट्रान्समीटरचा रेडिओ संदेश पाण्यातून जात नाही. मोठ्या विमानांच्या ब्लॅक बॉक्सवर पाण्याखाली टिकटिकणारा बीकन असतो. ज्या विमानाचा सगळा संसारच पाण्यावर, त्या लहान सी-प्लेनवर तो बहुधा नसतो. आम्ही तवंग बघून जागा शोधली. वारा असता तर तवंग भलतीकडे गेला असता. आणि आम्ही खाली असताना वर दोन बोटी इंजिने चालू ठेवून फिरत होत्या. त्यांतल्या एकीवरून चित्रीकरण चालले होते. पाणबुड्या खाली असल्याचा झेंडा आमच्या बोटीवर होता, पण तो कशाचा आहे हे त्यांना माहीत नव्हते आणि त्यांना दूर ठेवणारा पाण्यावर कोणी नव्हता.

आता मनाचे. हे लिहायला मला जड जाते.

शासकीय कर्मचाऱ्यांसाठी अपघातानंतर समुपदेशन ठेवले होते. आम्ही कर्मचारी नाही, म्हणून आम्हाला बोलावणे नव्हते. आमच्या गटातल्या शिक्षिकेने त्या दिवशी सर्वांत लहान प्रवाशाला वर आणले. त्या आता वर्गाचे दार लावून घेत नाहीत, उन्हाळा असो की पाऊस, ते उघडेच असते. का, असे मुलांनी विचारले तर हवा खेळती राहते म्हणून सांगतात. परिचारक मित्राने पाण्यात उतरणे सोडले आहे. मी दारे बनवतो. मूठ बसवून झाली की ती आतून उघडून बघतो, मग बाहेरून, मग परत आतून. गिऱ्हाईक उभे असते. मला थांबता येत नाही.

काही आठवड्यांनी एक गृहस्थ कारखान्यात आले. त्या बाईंचे भाऊ. त्यांना नाव कोणी दिले ते मी विचारले नाही. बराच वेळ ते नुसते उभे राहिले. मग एकच विचारले, तिने प्रयत्न केला होता का. मी म्हटले, हो. पट्टा सोडला होता, हात मुठीवर होता, दाराची बाजूही बरोबर ओळखली होती. उलटे झाल्यावर ती बाजू कळणे किती अवघड असते तेही सांगितले. ते खाली बसले. इतक्या दिवसांत हे त्यांना कोणीही सांगितलेले नव्हते. आपल्याकडून घरी गेलेल्या कागदात फक्त मृत्यूचे कारण लिहिलेले होते.

मी काय मागत नाही तेही सांगतो, म्हणजे गैरसमज नको. ही सेवा बंद करा असे मी म्हणत नाही. जिथे रस्ता नाही, धावपट्टी नाही, तिथल्या आजारी माणसाला सी-प्लेनचा केवढा आधार असतो हे मला ठाऊक आहे. सत्कार, शाल, प्रमाणपत्र यांतले काही नको. अपघाताच्या कारणाबद्दल मी काही बोलणार नाही, तो तपास ज्यांचा आहे त्यांनी करावा.

मागण्या अशा.

सेवा सुरू होण्याआधी प्रत्येक विमानाची दारे व खिडक्या आतून आणि बाहेरून, विमान उलटे आहे असे धरून, उघडून दाखवा. चौकट वाकली तरी बाहेर ढकलता येईल असा निदान एक मार्ग प्रत्येक रांगेजवळ असला पाहिजे. ज्या विमानात तो बसवता येत नाही त्यात प्रवासी घेऊ नका.

कमरेला बांधायचे जॅकेट प्रत्येक प्रवाशाच्या अंगावर असल्याशिवाय विमान धक्का सोडणार नाही, असा नियम करा. पायलटला पाण्याखाली उलट्या केबिनमधून बाहेर पडण्याचे प्रशिक्षण सक्तीचे करा आणि ते ठरावीक काळाने पुन्हा घ्या. दाराची मूठ कुठे आहे ते प्रवाशाने हाताने चाचपून बघितले पाहिजे, पत्रकावर बघून चालणार नाही.

प्रत्यक्ष चढलेल्या माणसांची यादी उड्डाणाच्या क्षणी किनाऱ्यावर एका जबाबदार व्यक्तीच्या हातात असावी आणि अपघात झाल्यास ती पाण्यात उतरणाऱ्यांना पहिल्या तासात मिळावी. विमानावर पाण्याखाली ऐकू येणारा बीकन बसवा.

पाण्याखालच्या शोधासाठी स्वतःचे प्रशिक्षित पाणबुडे ठेवा. ते शक्य नसेल आणि आमच्यासारख्यांवरच भिस्त असेल, तर तसे आराखड्यात लिहा. गटांची नोंदणी करा, त्यांची खोलीची हद्द नोंदवा, बोलावणे लेखी द्या, भले ते मोबाइलवरच्या एका संदेशाने असो. बोलावल्यापासून घरी परतेपर्यंत विमा असावा. जवळचा चेंबर कुठे आहे, चालू आहे का आणि तिथे कसे न्यायचे, हे आराखड्याच्या पहिल्या पानावर हवे. पुरेसा ऑक्सिजन किनाऱ्यावर हवा. पाण्यावर एकच माणूस प्रमुख असावा आणि बोटी हटवण्याचा अधिकार त्याला असावा. पाणबुड्याने नाही म्हटले तर ते नाही मानले जावे, आणि कारणासह लिहिले जावे.

आमच्या सहकाऱ्याच्या उपचाराचा झालेला आणि पुढे होणारा खर्च द्या. समुपदेशन आम्हालाही खुले करा. पहिल्यांदा शिक्षिकाबाईंना बोलवा, त्या स्वतःहून येणार नाहीत.

आणि मृतांच्या घरी जाण्याआधी, जो अधिकारी जाणार असेल त्याने पाण्यात उतरलेल्यांशी एकदा बोलावे. घरच्यांना विचारायचे असते ते कागदावर नसते.

या मागण्यांतले काय मान्य आहे, काय नाही आणि का नाही, हे सेवा सुरू होण्याच्या तारखेआधी लेखी कळवावे. वही माझ्याकडे आहे. दाराच्या चौकटीचे माप पान ३ वर आहे, वरच्या कोपऱ्यात किती आणि खाली किती ते वेगवेगळे लिहिले आहे. तपास करणाऱ्यांनी सांगावे, मी ती घेऊन येतो.

आपला,
त्या दिवशी पाण्यात उतरलेल्या चौघांपैकी एक